सेंटर हाफचा नारळ

“गुणा संपला,” रज्जाकभाई म्हणाले. “तोंडावर सांगतो. पाठीमागे बोलायची आपल्याला सवय नाही.”

“मग तोंडावर सांगा की. तो कुठंय इथं?” बर्नार्ड मास्तर म्हणाले.

खाली हॉटेलात हशा झाला. कपबशा वाजल्या. मी वर गॅलरीत तांदूळ निवडत बसले होते. खडा सापडला तरी हात तिथंच थांबत होता, कारण सगळं लक्ष कानांत होतं.

गुणा म्हणजे माझा नवरा, गुणवंत शिरसाट. ‘तोफखाना इलेव्हन’चा सेंटर हाफ, म्हणजे मधल्या फळीचा कणा. आमच्या छावणीच्या तोफखाना बाजारात दोन गोष्टी मोठ्या, एक मिलिटरी आणि दुसरी हॉकी. त्यातल्या मिलिटरीला आम्ही फारसं विचारत नव्हतो. क्लब पगारी होता. सोडावॉटरच्या कारखान्याचे शेठ खेळाडूंना पगार देत, आम्हाला हॉटेलवरची ही खोलीही त्यांचीच. पण शेठना हॉकीतलं एवढंच कळे की चेंडू पांढरा असतो. त्यामुळे संघात कोण राहणार आणि कोण जाणार ते ठरे खाली, हॉटेलच्या बाकांवर. घटस्थापनेच्या आधीच्या रविवारी सगळे शौकीन जमत. पितृपक्षात शुभकार्य करू नये म्हणतात, पण माणसं काढायला पितृपक्षच बरा, असं रज्जाकभाई दर वर्षी म्हणत आणि दर वर्षी लोक हसत. त्या दिवशी खेळाडूंनी बाजारात फिरकायचं नाही असा दंडक होता. सगळे नदीवर गळ टाकून बसायचे. मासे कुणालाच मिळत नसत.

आणि ज्याला काढायचं ठरे त्याला नारळ मिळे. बाकी महाराष्ट्रात नारळ देतात तो बोलण्यापुरता. आमच्या बाजारात खरा देत, शेंडीसकट. ज्यानं काढायचा शब्द टाकला त्यानंच तो घेऊन खेळाडूच्या दारात जायचं. खेळाडूनं उंबऱ्यावर फोडायचा आणि पहिला तुकडा आणणाऱ्याच्या हातावर ठेवायचा. खोबऱ्याबरोबर राग गिळला, असा त्याचा अर्थ. भल्याभल्यांनी गिळला होता.

“टर्फ आलंय आता पुण्यात,” रज्जाकभाई खाली सांगत होते. ते न्हावी. हातात वस्तरा नसला तरी बोलताना मनगट तसंच फिरे. “गवतावर गुणाचं चाललं. गवत माणसाला सांभाळून घेतं. टर्फवर चेंडू कसा येतो? साबणासारखा! आणि गुणा वळेपर्यंत समोरचा गोल मारून घरी जाऊन जेवतो.”

“गेल्या मोसमात शेवटच्या तीन मॅचला तो उत्तरार्धात चालत होता,” कुणीतरी म्हणालं. “पळत नव्हता. चालत होता.”

“बघा! सगळ्यांना दिसलंय.”

माझ्या जिवाला गार वाटत होतं. नवऱ्याची निंदा ऐकून एवढी सुखावलेली बाई तोफखाना बाजारात माझ्याआधी झाली नसेल.

कारण ते का चालत होते ते मला माहीत होतं. श्रावणात नदीकाठी सकाळी पळायला गेले आणि गालाला चिखल लावून परत आले. म्हणाले, पाय घसरला. मी चिखल पुसताना बघितलं, तर ओठ जांभळे पडलेले. मग पुण्याला मोठ्या दवाखान्यात गेलो. बाजारात सांगितलं की माझ्या आत्याकडे जातोय. डॉक्टरांनी कागदावर हृदयाचं चित्र काढलं आणि एका जागी पेन टेकवलं. झडप आकसलीय. ऑपरेशन मुंबईला होतं, पण त्यातून उठतीलच अशी खात्री नाही. औषधांवर जपून राहिले तर पुष्कळ जगतील. मात्र पळायचं नाही. “जिना चढतानासुद्धा मध्ये थांबा,” डॉक्टर म्हणाले. यांनी विचारलं, “आणि खेळलो तर?” डॉक्टरांनी माझ्याकडे बघून उत्तर दिलं, “मैदानातून उचलून आणावं लागेल.”

बसमध्ये हे खिडकीबाहेर बघत होते. पुलापाशी आल्यावर म्हणाले, “कुणाला बोलायचं नाही. पोरीची शपथ आहे तुला.”

मिशनच्या शाळेत खेळाच्या मास्तरांची जागा निघणार होती. हेडमास्तरांनी यांना शब्द दिला होता. झडपेचं कळलं असतं तर तो शब्द तिथंच मोडला असता.

“मग बसा ना या वर्षी. गुडघा दुखतो म्हणा.”

“मी स्वतःहून बसणार नाही.”

“अहो, पण...”

“लोकांनी नारळ दिला तर घेईन. गुपचूप घेईन. पण माझ्या तोंडानं मी बसणार नाही, इंदू. सेंटर हाफ स्वतःहून मैदान सोडत नाही. त्याला बाहेर काढावं लागतं.”

पुरुषांना आपला मूर्खपणा असा म्हणीसारखा बोलून दाखवता आला की तो शहाणपणा वाटतो. त्या दिवसापासून मी देवाकडे नवऱ्यासाठी एकच मागणं मागत होते, यांना नारळ मिळू दे.

आणि तो मिळत आला होता. रज्जाकभाईंनी डाव जिंकल्यात जमा होता, तेवढ्यात बर्नार्ड मास्तर उभे राहिले. ते लग्नाच्या बँडमध्ये कर्णा वाजवत, त्यामुळे छाती मोठी आणि दम लांब.

“नडगी फुटली होती त्याची,” ते म्हणाले. “फायनलला. मोज्यातून रक्त बुटात. मी स्वतः बघितलंय, पावलागणिक चपचप आवाज येत होता. शेवटपर्यंत खेळला. तेव्हा कुणी म्हणालं नाही गुणा संपला? तेव्हा खांद्यावर घेऊन नाचलात! रज्जाक, तू फुकट दाढी केली होतीस त्याची वर्षभर!”

“ती मी अजून करतो.”

“मग गळ्यापाशी वस्तरा नेताना लाज वाटू दे!”

लोक हसले आणि हसता हसता फिरले, ते मला वरून कळलं. ‘अरे हां’, ‘ते पण आहे’, ‘नाही म्हटलं तरी गुणा तो गुणा’. एकाने फायनलची आठवण काढली, दुसऱ्याने त्याआधीच्या वर्षाची. आमची माणसं हिशेबानं बोलायला बसतात आणि आठवणींवर उठतात.

“पिल्लेमामा, तुम्ही बोला,” रज्जाकभाई म्हणाले. “तुम्ही म्हणाल ते.”

पिल्लेमामांचं सायकलचं दुकान कोपऱ्यावर होतं. षण्मुगम पिल्ले. घरात तमिळ बोलत आणि बाहेर आमच्यापेक्षा शुद्ध मराठी. ते बाकाच्या टोकाला बसत, सगळं ऐकून घेत आणि शेवटी एक वाक्य बोलत. ते वाक्य म्हणजे शिट्टी. त्यांच्या शब्दाला हे वजन का होतं तर त्यांनी आपल्या माणसासाठी तो कधीच खर्च केला नव्हता. त्यांच्या बहिणीचा मुलगा, सेल्वम, दोन वर्षं राखीव संघात सेंटर हाफला चांगला खेळत होता. त्याचं नाव इतर कुणी काढलं की मामा उठून बाहेर विडी ओढायला जात. “भाचा आहे. मी नसताना बोला,” म्हणत. आणि मामा नसताना बोलायचं तर सभाच होत नसे.

मामा काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, आता बोलले तर गुणाच म्हणतील. यांचे आणि मामांचे संबंध मला ठाऊक होते. यांना पहिली स्टिक मामांनी हातात दिली होती, सायकलच्या जुन्या ट्यूबची मूठ बांधून.

मी सूप खाली ठेवलं आणि जिना उतरले.

त्या हॉटेलात त्या रविवारी बाईमाणसानं पाऊल टाकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मी दारात उभी राहिले तशी सगळ्यांच्या माना वळल्या. पोऱ्यानं चहाची किटली हवेतच धरली.

शपथ मोडायची नव्हती. म्हणून वरून येताना मी एकच वाक्य घोकत आले होते, आणि तेच बोलले.

“द्या की मग त्यांना नारळ! वाट कसली बघताय?”

माझा आवाज चढला होता. पदर खोचलेला होता. आता तुम्हीच सांगा, अशा बाईनं असं वाक्य म्हटलं तर मराठी माणूस त्याचा काय अर्थ घेईल?

रज्जाकभाईंनी मान खाली घातली.

“वहिनी, चुकलं.”

“चुकलं नाही, बरोबर बोलत होता तुम्ही! त्यांना पळवत नाही. काढा त्यांना.”

“बोला, वहिनी. बोला. आम्ही ऐकून घेणार. तुमचा हक्क आहे.”

“अहो, मी टोमणा नाही मारत! खरंच सांगतेय. झालं त्यांचं वय. द्या नारळ आणि व्हा मोकळे!”

“व्हा मोकळे!” बर्नार्ड मास्तर डोळे पुसत म्हणाले. “ऐकलंत? एवढी वर्षं जिनं त्याच्या जखमांना हळद लावली, तिच्यावर हे म्हणायची पाळी आणली आपण. थू आपल्यावर!”

मी जितकं खरं बोलत होते तितका टोमणा धारदार होत होता. मला रडू आलं. ते आल्यावर तर उरलंसुरलं सगळं संपलंच. रज्जाकभाई उठले आणि पुढे येऊन त्यांनी चक्क हात जोडले. “पुढच्या वर्षी बघू. या वर्षी घरची लक्ष्मी सभेत आली. आता कुणाची माय व्यालीय नाही म्हणायला?”

पिल्लेमामा माझ्याकडे टक लावून बघत होते. मग म्हणाले, “सेंटर हाफ, गुणवंत शिरसाट.”

टाळ्या पडल्या. मला कुणीतरी स्टुलावर बसवलं आणि चहा दिला. स्पेशल.

संध्याकाळी हे नदीवरून आले ते गळ्यात झेंडूचा हार घालूनच. बाजारात कुणी घातला असणार. जिन्यात एकदा थांबले, ते मी पावलांच्या आवाजावरून ओळखलं. आत येऊन पोरीच्या गळ्यात हार टाकला आणि माझ्यासमोर बसले.

“तू खाली गेलीस म्हणे. भांडलीस.”

मी भाकरी थापत राहिले.

“रज्जाकला रडवलंस म्हणे.” त्यांचे डोळे भरून आले होते. “मला वाटत होतं, तुला मी खेळलेलं नको आहे.”

मी त्यांचं ताट वाढलं. त्या दिवशी ते दोन भाकऱ्या जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यांची सायकल ढकलत पिल्लेमामांच्या दुकानी गेले. मामा एक चाक उलटं टांगून त्याच्या तारा कसत होते.

“पंक्चर काढायचंय.”

त्यांनी टायर दाबून बघितलं, दोन्ही. “हिला पंक्चर नाही, वहिनी.”

“माहीत आहे.”

मामांनी स्टूल पुढे सरकवलं. मी पोरीची मनातल्या मनात माफी मागितली आणि सगळं सांगितलं. चिखल, जांभळे ओठ, डॉक्टरांचं पेन, बसमधली शपथ. मामांचा हात चाकावर होता, ते चाक हळूहळू फिरत राहिलं.

“म्हणजे काल तुम्ही खरं बोलत होतात.”

“खरंच बोलत होते.”

“मूर्ख आहोत आम्ही.” त्यांनी पाना खाली ठेवला. “शाळेची जागा कधी?”

“दिवाळीनंतर. पण झडपेचं कळलं तर...”

“नाही कळणार. मुलांना खेळवायला मास्तरनं पळायला लागत नाही. शिट्टी उभ्यानं वाजते.”

“मग शेठना सांगून काढता येईल?”

“शेठना सांगितलं की सोड्याच्या बाटलीसारखं. फट्कन बाहेर.” त्यांनी चाक थांबवलं. “आणि कालच्या सभेनंतर गुणाला काढायचं तर कारण लागेल. चांगलं कारण दिलं तर लोक वाद घालतात, खोलात जातात, आणि गेले की कळतंच. वाईट कारण असलं की वाद होत नाही. थुंकतात आणि घरी जातात.”

“वाईट कारण कुठून आणणार मामा?”

“आहे. माझ्या बहिणीच्या घरात. दोन वर्षं लोक मला ते घ्या म्हणतायत.”

मला समजायला एक क्षण लागला. समजलं तेव्हा मी उभी राहिले. “नको. तुमचं नाव...”

“नाव काय, वहिनी. नाव म्हणजे काही झडप नाही, बिघडलं तरी माणूस जगतो.” ते पुन्हा तारा कसू लागले. “एक करा. पुढे बाजारात दिसलो तर माझ्याकडे बघून गोड तोंड करू नका. तोफखाना बाजारात लोक हॉकी बघतात आणि बायकांची तोंडं वाचतात. तुम्हीसुद्धा माझ्यावर चिडलेल्या दिसल्या पाहिजेत. नुसतं शाळेचं पक्कं होईतोच नाही. कायम.”

सायकल परत नेताना त्यांनी हाक मारली. “थांबा. पंक्चरला आला होतात ना?” आणि त्यांनी मागच्या टायरमध्ये टाचणी खुपसून खरोखरचं पंक्चर केलं आणि काढून दिलं.

घटस्थापनेच्या दिवशी मामा शेठकडे गेले. तिथं नेमकं काय बोलले कुणाला माहीत नाही, पण बाहेर आले ते सेल्वमचं नाव पक्कं करून. हॉटेलात ही बातमी पोचली तेव्हा मी घटाला पाणी घालत होते. खाली आधी कुणालाच खरं वाटेना.

“भाच्याला? पिल्लेमामा?”

“सभेचा शब्द मोडून?”

“अरे, म्हणून तर परवा बोलेना. मनात शिजत होतं त्याच्या!”

मग बर्नार्ड मास्तरांचा लांब दमाचा आवाज आला. “शकुनीमामा!”

एवढं मोठं हसू त्या बाजारात मी कधी ऐकलं नव्हतं. पण त्यात गंमत नव्हती. एकदा नाव पडलं ते पडलं. पुढे पोरंसोरंही त्यांना त्याच नावानं ओळखत. मामाच्या नात्याला हे एक नाव महाभारतानं कायमचं चिकटवून ठेवलंय, त्याला कोण काय करणार.

मामा नारळ घेऊन आले. त्यांच्यामागे अर्धा बाजार जिन्याच्या तोंडाशी गोळा झाला. हे उंबऱ्यात उभे होते. मी आत, घटासमोर. मला यांची पाठ दिसत होती आणि खांद्यावरून मामांचा अर्धा चेहरा.

“भाच्यासाठी, मामा?” यांनी विचारलं.

“भाच्यासाठी.”

“मला तोंडावर सांगितलं असतंत, वय झालं, तर मी फोडला असता.”

“वय झालंय म्हणून नाही,” मामा मोठ्यानं म्हणाले, खालपर्यंत ऐकू जाईल असं. “तू अजून चार वर्षं खेळशील. पण माझ्या बहिणीचं पोर रिकामं बसलंय.”

यांनी नारळ हातात घेतला. मी मनात म्हटलं, फोडा, अहो, फोडा. एक तुकडा त्यांच्या हातावर ठेवा. तेवढं तरी. यांनी तो तळहातावर तोलला आणि जिन्यात सोडून दिला. लाकडी जिना होता. नारळ पायरीपायरीनं आवाज करत खाली गेला आणि गर्दीनं पाय बाजूला घेतले. असं कधी झालं नव्हतं. यांनी दार लावलं. बाहेर मामांची पावलं सावकाश उतरताना ऐकू आली, मध्ये एकदा वाकल्यासारखी थांबली. नारळ त्यांनीच उचलला असणार. दुसरं कोण हात लावणार होतं?

दारामागे हे उभेच राहिले. मग खाली बसले. “संपलं,” म्हणाले. रडले नाहीत. मी त्यांच्या छातीवर हात ठेवला, तर आत चिमणी अडकल्यासारखं होत होतं. पण चालू होतं.

त्या मोसमात सेल्वम वाईट खेळला. वाईट मुलगा नव्हता, पण चेंडू पायाशी आला की स्टँडमधून अर्धा बाजार ‘मामा, मामा’ ओरडे. अशात कोण खेळेल? संघ खालच्या गटात गेला. सेल्वम पुढच्या वर्षी मस्कतला गेला तो तिकडचाच झाला. शेठनी क्लबवरून हात काढला. या सगळ्याचं एकच कारण बाजारात सांगितलं जाई. मामांच्या दुकानाच्या फळीवर करवंट्या टांगलेल्या सापडत. हवा भरायला लोक पलीकडच्या गल्लीत जाऊ लागले. मामा रिकाम्या दुकानात बसून तीच तीच चाकं सरळ करत.

यांना शाळेत नोकरी लागली. उभ्यानं शिट्टी वाजवू लागले. काही वर्षांनी मुंबईला ऑपरेशनही झालं, हर्नियाचं म्हणून सांगून. झडप बदलली. आज सकाळीही हे दूध आणायला जाऊन आले.

मी मामांनी सांगितलं तसं वागले. नळावर बाया शकुनीमामा म्हणून हसल्या की मीही हसे. समोरून मामा आले की तोंड फिरवी. मला ते चांगलं जमत होतं. एकदा तोंड फिरवताना ओझरतं दिसलं, तर मामा मान डोलवत होते, एखाद्याच्या खेळाला दाद द्यावी तशी.

नऊ वर्षांनी मामा गेले.

दुपारची वेळ. यांना शाळेला सुट्टी होती. तमिळ लोकांत प्रेतापुढे वाजवतात आणि फुलं उधळतात. वाजवणारा एकच होता. खांदा द्यायला घरचे चौघे, मागे बहीण आणि दोन-चार म्हातारे. खांदा बदलायला माणूस नव्हता. आम्ही दोघं गॅलरीत होतो. खाली हॉटेलातून कुणी उठलं नाही.

“जा ना,” मी म्हटलं. “पहिली स्टिक दिली होती त्यांनी तुम्हाला.”

हे कठड्याला धरून उभे होते.

“जा. तुम्हाला माहीत नाही, पण त्यांनी...” नऊ वर्षं मी हे वाक्य तोंडात धरून बसले होते. “मी तुम्हाला काही सांगायला हवं होतं.”

“नको सांगूस.”

“ऐका तर.”

“माहीत आहे मला.”

मी त्यांच्याकडे बघितलं.

“त्याच दिवशी कळलं,” ते म्हणाले. “दारात उभे राहून मामा भाच्याबद्दल बोलत होते आणि बघत होते माझ्या छातीकडे. तोंडाकडे एकदाही नाही. सदऱ्याच्या या बटणाकडे. बोलणं संपेपर्यंत.”

खाली वाजवणारा आमच्या जिन्यासमोरून पुढे गेला.

“मग नारळ का नाही फोडलात?” मी त्यांचा दंड धरला. “नऊ वर्षं, अहो! एक तुकडा!”

“फोडला असता तर लोकांनी विचारलं असतं, एवढं होऊन गुणानं कसं काय सोडून दिलं? आणि आपल्या या बाजारानं विचारलं की उत्तर मिळेपर्यंत कोण गप्प बसतो?” मग खूप हळू म्हणाले, “नोकरी नव्हती लागली अजून.”

“लागल्यावर?”

ते कठड्यावरचा सुटलेला रंग नखानं खरवडत राहिले. मला वाटतं, रागाची सवय झाली होती त्यांना. उपकाराला रोज तोंड दाखवावं लागतं. रागाचं तसं नसतं. पण हे माझं म्हणणं. ते खाली उतरले नाहीत.

मी चप्पल घातली.

“आपल्यात बायका जात नाहीत,” ते म्हणाले.

“माणसं कमी आहेत.”

मी जिना उतरून मामांच्या बहिणीशेजारी चालू लागले. तिनं माझ्याकडे बघितलं आणि माझा हात धरला. तिला काही माहीत होतं की नाही, मला आजपर्यंत कळलेलं नाही. बाजाराच्या दोन्ही बाजूंनी लोक दुकानांच्या पायऱ्यांवर येऊन उभे राहिले. प्रेत बघायला नाही, मला बघायला. रज्जाकभाई सलूनमधून खांद्यावर टॉवेल तसाच ठेवून पुढे आले. बर्नार्ड मास्तरांनी टोपी काढली.

“वहिनी,” रज्जाकभाई टॉवेलनं डोळे टिपत म्हणाले. “धन्य तुमची. ज्यानं तुमच्या नवऱ्याचं वाटोळं केलं त्याच्या मागे चालताय. केवढं हे मन!”

“देवमाणूस,” मागून कुणीतरी म्हणालं. “शकुनीला पण माती द्यायला निघाली.”

बहिणीच्या हाताची पकड घट्ट झाली. एका म्हातारीनं वाटेत वाकून माझ्या पायाला हात लावला. मग एकेक करून माणसं पायऱ्या उतरली आणि मागे चालू लागली, माझ्या मागे. खांदा बदलायला माणूस मिळाला. नदीपर्यंत ती रांग कुजबुजत होती, माझ्या मोठेपणाबद्दल.

मी मान खाली घालून ऐकत चालले. खरं काय ते सांगता येणार नव्हतं. यांच्या निवृत्तीला अजून बारा वर्षं होती.